एक नाव घाल

"मुलींनी वायरीला हात लावायचा नाही," असं म्हणत धामणकर सरांनी रजनीच्या हातातली वायर काढून घेतली आणि प्रमोद शिर्केच्या हातात दिली. प्रमोदने ती घेतली आणि मोठ्या आत्मविश्वासाने चुकीच्या ठिकाणी जोडली.

रजनी लोहारच्या वडिलांचं एस.टी. स्टँडच्या मागे मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी तिथे आणून टाकायचे. रजनी आठवीपासून रोज शाळा सुटली की तिथे बसायची, जळकी तार उपसून काढायची आणि नव्या तारेचे वेढे मोजून भरायची. तालुक्यातल्या कितीतरी विहिरींचं पाणी तिच्या हातून वर आलं होतं. पण तो झाला धंदा. प्रयोगशाळेत चालतं ते विज्ञान, आणि विज्ञानात मुलींना शॉक बसतो.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. आम्ही दहावीत होतो, पूर्वपरीक्षा होऊन गेली होती, आणि बोर्डाच्या प्रात्यक्षिकांची तयारी चालू होती. आमच्या प्रयोगशाळेत कामाची वाटणी ठरलेली असे. एका टेबलावर चार मुलगे आणि दोन मुली. मुलांनी प्रयोग करायचा, मुलींनी आकडे लिहून घ्यायचे, नंतर परीक्षानळ्या धुवायच्या आणि घरी जाऊन चौघांच्या प्रयोगवह्या उतरवून काढायच्या, कारण मुलींचं अक्षर चांगलं असतं. मुलांचं काय चांगलं असतं, ते सरांनी कधी सांगितलं नाही. ते गृहीत होतं.

त्या दिवशी साधा प्रयोग होता. दोन सेल, एक बल्ब, एक कळ आणि वायरी. बल्ब काही केल्या लागेना. प्रमोदने कळ वीस वेळा दाबली. मग त्याने बल्ब हलवला, मग टेबल हलवलं.

"हेमे," रजनी माझ्या कानाशी आली. "सेलच्या टोकाला गंज हाय. ह्यो काय करतोय?"

"सांग की त्याला."

"मगाशी सांगितलं. तर म्हनला, तू आकडे लिव."

सर दुसऱ्या टेबलाकडे वळले तशी रजनीने केसातली पिन काढली, सेलचं टोक दोनदा खरवडलं आणि पिन परत केसात खोवली. प्रमोदने एकविसाव्यांदा कळ दाबली. बल्ब लागला.

"शाब्बास, प्रमोद!" सर तिथूनच ओरडले. "बघा रे, याला म्हणतात शास्त्रीय बुद्धी. धीर सोडला नाही पोराने."

रजनी हसली. तिला अशा गोष्टींचं वाईट वाटत नसे, तिला बल्ब लागल्याशी मतलब. मला मात्र वाटायचं. मी ते दोघींच्या वाटचं वाटून घ्यायचे आणि गप्प बसायचे, कारण मी वर्गाची मॉनिटर होते.

तास संपता संपता रजनीने हात वर केला. "सर, एक इचारू?"

"विचार की, बाळ." सर मुलींना बाळ म्हणत. त्यांची मुलींवर फार माया होती, आणि त्या मायेतून सुटणं अवघड होतं.

"तीन फेजच्या मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल केली, की मोटार उलटी फिरती. तिन्हीतल्या कुठल्याबी दोन. असं का हुतं सर?"

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. एवढ्या वेळात उत्तर सुचायला हवं होतं, पण सुचलं नसावं.

"हे परीक्षेत येणार नाही," ते म्हणाले. "आणि घरी वायरींना हात लावत जाऊ नकोस. उद्या हाताला काही झालं, तर लोक काय म्हणतील?"

रजनी खाली बसली. "ह्येस्नी ठावं न्हाई वाटतं," ती मला म्हणाली. तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

---

त्याच आठवड्यात आमचे मुख्याध्यापक कसल्याशा शिबिराला जाऊन आले. शिबिराला जाऊन आलेला माणूस चार दिवस तरी स्वस्थ बसत नाही. त्यांनी 'मार्गदर्शन पत्रक' नावाचं पिवळं कार्ड छापून घेतलं. दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक कार्ड. त्यावर नाव, पूर्वपरीक्षेचे गुण, 'वर्गशिक्षकांचा अभिप्राय' आणि सर्वांत खाली 'सुचवलेली शाखा'. आमच्याच शाळेत अकरावी-बारावीची विज्ञान शाखा सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. अकरावीचा प्रवेश या कार्डाप्रमाणे मिळेल आणि पालकसभेत ही कार्डं पालकांच्या हाती दिली जातील, असं त्यांनी जाहीर केलं. विज्ञान शाखेत तोवर एकही मुलगी नव्हती. कुणी मनाई केली नव्हती. कुणी सुचवलं नव्हतं, इतकंच.

आमचे वर्गशिक्षक धामणकर सरच. म्हणजे कार्डं त्यांनी लिहायची. म्हणजे कार्डं मी लिहायची.

हे जरा समजावून सांगायला हवं. नववीत सरांनी माझी वही पाहिली आणि त्या दिवसापासून त्यांनी पेन खिशात ठेवून दिलं. हजेरीपट, निकालपत्रकं, वर्गाच्या सूचना, सरांचे रजेचे अर्ज, एवढंच काय, त्यांच्या मेहुणीच्या लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्तेसुद्धा माझ्या हातचे. प्रगतिपुस्तकावरचे शेरे वाचून पालक म्हणायचे, "धामणकर सरांचं अक्षर म्हणजे मोती!" सरांचं खरं अक्षर मी पाहिलं होतं. त्यांची फक्त सही त्यांची असे, आणि ती ते आधीच करून ठेवत. कोरे कागद समोर घ्यायचे, खाली भराभर सह्या ठोकायच्या आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवायचा. मजकूर मागून आला तरी चालतो, सही वेळेवर पाहिजे, हे त्यांचं तत्त्व होतं.

शुक्रवारी दुपारी सरांनी मला प्रयोगशाळेत बसवलं. बासष्ट पिवळी कार्डं, प्रत्येकाच्या खाली सही तयार. सर खुर्चीत रेलून बसले, मांडीवर गुणांचं रजिस्टर.

"घे, मुलगे आधी. प्रमोद शिर्के. लिही, 'बुद्धी तल्लख. अभ्यासाकडे लक्ष दिल्यास मोठे यश मिळवेल.' शाखा विज्ञान."

"सर, त्याला विज्ञानात अठ्ठावन्न आहेत."

"तेच तर! दीडशेपैकी अठ्ठावन्न, तेही पुस्तक न उघडता. उघडलं असतं तर?"

या हिशेबाने ज्याला जितके कमी गुण तितकी त्याची बुद्धी तल्लख ठरत होती. मी लिहीत गेले. मुलग्यांची एकोणचाळीस कार्डं सरांनी एकेक करून सांगितली. कोण धडाडीचा, कोण चिकित्सक, कोणाच्यात सुप्त गुण. एका मुलाबद्दल काहीच आठवेना, तेव्हा सर म्हणाले, "लिही, 'शांत, पण खोल.'" तोही विज्ञानाला गेला.

मग सरांनी घड्याळ पाहिलं.

"मुलींचं सगळ्यांचं एकदम करून टाक. 'कष्टाळू व नम्र. अक्षर सुंदर.' शाखा कला."

"सगळ्यांना तेच?"

"मग काय वेगळं आहे?"

"सर, सगळ्यांचं अक्षर सुंदर नाही. रजनीचं तर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे."

"तिचं नम्र जरा ठळक लिही."

मी धीर केला. आयुष्यात पहिल्यांदाच सरांना उलटून बोलले, तेही एका दमात. "सर, रजनीला विज्ञानात एकशे एकवीस आहेत. वर्गात पहिली आहे ती."

"पाठांतर," सर म्हणाले. "मुली पाठ करतात गं. वाईट नाही ते."

"पण ती मोटारी भरते, सर. घरी."

"म्हणून तर म्हणतो. हाताला वळण पडलंय, त्यात डोकं कुठे लागतं? तुम्ही पोळ्या लाटता, तसंच."

प्रमोदने पुस्तक उघडलं नाही म्हणून तो हुशार, आणि रजनीने उघडलं म्हणून ती हुशार नाही. हातांनी केलं तर वळण, डोक्याने केलं तर पाठांतर. सरांच्या तर्कशास्त्रातून सुटायला मुलीला भोक ठेवलेलं नव्हतं. मी खाली मान घालून मुलींची नावं लिहायला घेतली.

सर उठले. दाराशी जाऊन थांबले.

"हां, एक राहिलं. हेडसर म्हणत होते, विज्ञानाला एखादी मुलगी दिसली पाहिजे. इन्स्पेक्शनला साहेब विचारतात म्हणे. असं कर, एक नाव घाल."

"कोणाचं, सर?"

"घाल की कोणाचंही. तू मॉनिटर आहेस, तुला माहीत सगळ्या. नम्र असली म्हणजे झालं."

आणि सर चहाला गेले.

---

माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगते. अप्पा कोर्टात कारकून होते. माणसाच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता, कागदावर होता. मी बारावी कला करून डी.एड. करायचं, नोकरी लागली की स्थळं बघायची, हे त्यांनी मी सातवीत असतानाच ठरवून टाकलं होतं. मला विज्ञान घ्यायचंय, असं मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "कोण म्हणतं तुला जमेल? दाखव लिहिलेलं." लिहिलेलं माझ्याकडे काही नव्हतं.

आता ते माझ्यासमोर पडलं होतं. खाली सही, वर कोरी जागा.

एकवीस मुलींची कार्डं मी लिहून काढली. कष्टाळू व नम्र, अक्षर सुंदर, कला. एकवीस वेळा. शेवटी दोन उरली. एक रजनी लोहार, एक हेमलता निकम. मी किती वेळ बसले होते ते सांगता येणार नाही. सरांचा चहा फार लांबला होता, एवढं आठवतं.

मला विज्ञानात एकशे नऊ होते. तेही खरं सांगायचं तर बरंचसं पाठांतर.

मी एक नाव घातलं.

---

पालकसभा रविवारी सकाळी झाली. मी दाराशी टेबल टाकून पालकांच्या सह्या घेत होते, आणि कार्डं वाटायचं कामही माझ्याकडेच होतं. सर मागे उभे राहून हसत होते. कार्डं त्यांनी वाचलेली नव्हती. सही असलेला कागद कोण वाचतो?

अप्पा आले. त्यांनी कार्ड हातात घेऊन दोनदा वाचलं. 'बुद्धी तल्लख. विज्ञान विषयात विशेष गती.' मग त्यांनी सरांकडे पाहिलं.

"सर, ही सही आपलीच?"

"माझीच की!" सरांनी कार्डावरून नजर फिरवली, क्षणभर भुवया वर गेल्या, आणि मग त्यांचा चेहरा खुलला. "हो हो, हेमलता. अहो, मी मुद्दाम तिचं नाव घातलं. मुलीत चमक आहे. मी पहिल्या दिवसापासून ओळखलंय."

अप्पांनी कार्ड घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला फार आनंद झाला. हे लपवून काय उपयोग? फार आनंद झाला.

मग रजनीचे वडील आले. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. पांढराशुभ्र सदरा घातला होता, पण नखांतलं काळं गेलं नव्हतं. त्यांनी कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं आणि अक्षर लावत लावत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"सर," ते म्हणाले, "चुकलं तर माफ करा. मला वाटत हुतं, पोरीला ह्यात गती हाय. मोटार नुसती हातात घेतली तरी सांगती, कुठं जळलीया ती. म्या तर तिला इंजिनेर करायचं म्हनत हुतो."

मी दोन वर्षं शाळेत कितीतरी बाप पाहिले होते. मुलीला शिकवायचं म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारे, 'तिच्या नशिबात असेल तर' म्हणणारे, माझ्या अप्पांसारखे कागद मागणारे. आख्ख्या सभेत एकच बाप असा होता ज्याची समजूत घालावी लागणार नव्हती. त्याची समजूत सरांनी घातली.

"तात्या," सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "तुम्ही बाप आहात, तुम्हाला वाटणारच. मी शिक्षक आहे. भावनेच्या भरात मुलीला झेपणार नाही असं ओझं देऊ नका. उद्या नापास झाली तर तिच्या मनाला किती लागेल?"

तात्यांनी कार्ड खाली घेतलं.

"तुमी लिवलंय म्हंजे इचार करूनच लिवलं असंल," ते म्हणाले. त्यांनी सरांना नमस्कार केला. मग सही करायला माझ्यासमोर वाकले. "तुजं काय लिवलंय गं, हेमा?"

"विज्ञान," मी म्हटलं.

"लई झ्याक झालं, पोरी." ते मनापासून म्हणाले.

तेवढ्यात बोलता आलं असतं. सर हातभर अंतरावर उभे होते, तात्या समोर होते, आणि पेन माझ्या हातात होतं. मी म्हणाले, "तात्या, इथं सही करा."

सभा संपल्यावर मी नळावर पाणी प्यायला गेले. रजनी तिथे उभी होती. पिवळं कार्ड तिच्या हातात होतं.

"हेमे, कार्डं लिवताना तू हुतीस नव्हं तिथं?"

"होते."

"सरांनी खरंच माझं असं सांगितलं?"

"हो."

"इचार करून?"

मी नळ बंद केला. "हो. बराच वेळ विचार केला त्यांनी."

रजनीने माझ्याकडे पाहिलं. मग कार्डाकडे पाहिलं. मग ते चार घड्या करून कंपासपेटीत ठेवलं आणि पेटीचं झाकण लावलं.

"तुझं बरं झालं," ती म्हणाली. "एक तरी गेली."

---

एक तरी गेली. मी गेले, आणि पुढे जातच राहिले. अकरावी विज्ञानाच्या वर्गात मी एकटी मुलगी, पहिल्या बाकावर. इन्स्पेक्शनला साहेब आले, तेव्हा हेडसरांनी मला उभं करून दाखवलं. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, आणि त्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले. मोटार उलटी का फिरते, हे मला एस.वाय.ला कळलं. पुस्तकात जेमतेम पाऊण पान होतं. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या दिवशी पुढचा अभ्यास केला नाही. सुट्टीत गावी आले की रजनीच्या दुकानावर जाऊन सांगायचं, असं ठरवलं होतं. सुट्ट्या पुष्कळ आल्या.

धामणकर सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात त्यांनी माझी गोष्ट सांगितली. मुलींना विज्ञानाला पाठवायला कोणी तयार नव्हतं त्या काळात या माणसाने कशी एक मुलगी निवडली, कशी तिची चमक ओळखली, वगैरे. सांगता सांगता त्यांना भरून आलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दर वर्षी विज्ञान दिनाला शाळा मला भाषणाला उभं करते आणि मी मुलींना सांगते, स्वतःवर विश्वास ठेवा, कोणाच्या शेऱ्याने खचू नका. भाषण चांगलं होतं. पाठ आहे.

रजनी गावातच होती. कला घेऊन बारावी झाली, लग्न झालं, नवरा साखर कारखान्यात लागला. तात्यांची नजर गेल्यावर तिने दुकान हातात घेतलं. आम्ही बाजारात भेटायचो. "बरी हाईस का?" "बरी आहे, तू?" असं तीस-पस्तीस वर्षं चाललं. मोटारीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

गेल्या मार्चमध्ये शाळेच्या पाण्याच्या टाकीवरची मोटार जळाली. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या, प्रयोगशाळेत थेंब नाही, शिपाई रजेवर. मीच ती मोटार रिक्षात घालून रजनीच्या दुकानात नेली.

ती जमिनीवर पोतं टाकून बसली होती. चष्मा नाकावर आलेला, हात काळे. मोटार उघडून तिने आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"एक फेज गेली हुती, तरी चालवत बसलं असतील," ती म्हणाली. "परवा देते भरून. बस की, हेमा. दमलीस."

मी बसले. भिंतीवर तात्यांचा फोटो होता, त्याच पांढऱ्या सदऱ्यातला. का कोण जाणे, मला एकदम राहवलं नाही.

"रजनी, तुला एक सांगायचं होतं. त्या पिवळ्या कार्डाचं."

ती तार उपसत होती. तिने मान वर केली नाही. "तूच लिवलं हुतंस ते?"

"तुला कधी कळलं?"

"कधी म्हंजे? दोन वर्सं तुझ्या मांडीला मांडी लावून बसले. तुझं अक्षर मला कळंना व्हय?" ती हसली. "आन माझं अक्षर सुंदर म्हनून लिवलेलं! म्या त्या दिशीच म्हनलं, ह्ये सरांनी बघितलेलं न्हाई. त्येंनी नुसतं सांगितलंय, आन ह्या बयेनं उतरवून काढलंय."

"नुसतं उतरवलं नाही." मी म्हटलं. "सर म्हणाले होते, एका मुलीचं नाव घाल. कोणाचंही. ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं."

आता तिचे हात थांबले.

"ह्ये मला ठावं नव्हतं," ती म्हणाली.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"दोघींची घातली असतीस तर?"

"सरांनी एकच म्हटलं होतं."

"मोजली हुती त्येंनी?"

"नाही. त्यांनी वाचलीसुद्धा नव्हती."

तीस-पस्तीस वर्षांत हे वाक्य मी एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं. सर तर सर, पण एक म्हटलं म्हणून एकच लिहिणारी मुलगी मी होते. कष्टाळू व नम्र. माझ्या कार्डावर ते लिहायचं तेवढं राहून गेलं होतं. मला तिच्यासमोर बसवेना आणि उठवेना.

"नळावर मला विचारलंस," मी म्हटलं. "अक्षर ओळखलं होतंस, तर विचारलंस कशाला?"

"म्हनलं, सांगशील."

तिने पुन्हा तार उपसायला घेतली. जळकी तार तुकड्या-तुकड्याने निघत होती आणि ती एका डब्यात टाकत होती. मी माफी मागितली. शब्द काय वापरले ते आठवत नाही. ती "ऱ्हाऊ दे" म्हणाली नाही, आणि "मागू नकोस" असंही म्हणाली नाही.

"एक सांग मला," डबा बाजूला सारून ती म्हणाली. "दोन वायरी बदलल्या की उलटी का फिरती?"

मी खाली बसले. तिथल्या धुळीत बोटाने गोल काढला, त्यावर तीन खुणा केल्या. तीन फेज एकदम येत नाहीत, एकामागून एक येतात, म्हणून आतलं चुंबकीय क्षेत्र फिरत राहतं आणि मधला भाग त्याच्या मागे मागे फिरतो. दोन वायरींची अदलाबदल केली की तिघांचा क्रम उलटा होतो.

"म्हंजे एक-दोन-तीनच्या जागी एक-तीन-दोन," ती म्हणाली. मी पुढचं वाक्य बोलायच्या आत.

"हो."

"म्हनून कुठल्याबी दोन बदलल्या तरी तेच."

"हो."

ती त्या गोलाकडे बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटायचं, लई अवघड असंल," रजनी म्हणाली. "म्हनून सांगत नसतील."

मग तिने गुडघ्यावर हात टेकून उठून फळीवरचा पत्र्याचा बिल्ला घेतला. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मोटारीला ती असा बिल्ला तारेने बांधते, त्यावर मालकाचं नाव असतं. तिने तो माझ्यापुढे धरला आणि कानावरचं मार्कर काढून दिलं.

"नाव घाल," ती म्हणाली. "तुझं अक्षर चांगलं हाय."

मी बिल्ला गुडघ्यावर ठेवून शाळेचं नाव लिहिलं. नीट आलं नाही. तिने ते वाचलं, बिल्ला मोटारीला बांधला आणि म्हणाली, "परवा ये."